आधी कंबर बघा, नाव नंतर

प्रश्न थोडक्यात असा होता: "चिंचवडला राहतो. परवा पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली ही मुंगी सापडली. पंख नाहीत. साधारण आठ-नऊ मिलिमीटर, तपकिरी. मित्र म्हणतो डोंगळ्याची राणी आहे. बरणीत माती घालून ठेवली, साखर दिली, पण खात नाही. तीन दिवस झाले, अंडी नाहीत. जात कोणती आणि खायला काय देऊ? फोटो एकच आहे, जरा हललाय."

साखर आत्ताच काढा. मातीही आजच बदलायची आहे, पण टाकून देऊ नका. का ते शेवटी सांगतो.

तुम्ही जात विचारलीत. मुंग्या पाळायला लागलेला प्रत्येकजण पहिल्यांदा तेच विचारतो, मीही विचारलं होतं. पण तुमची आजची अडचण जातीची नाही. आज तुम्हाला तीनच गोष्टी कळायला हव्यात: ही खरंच राणी आहे का, तिचं मीलन झालेलं असावं का, आणि पहिली पिल्लावळ येईपर्यंत तिला खाणं लागतं का. या तिन्हींची कामापुरती उत्तरं अंगाच्या ठेवणीवरून मिळतात, नाव माहीत नसलं तरी. नाव एक-दोन महिन्यांनी सोपं होतं, कारण तेव्हा तिच्या कामकरी मुंग्या आलेल्या असतात.

हे मी टाळायला म्हणून सांगत नाही. भारतात मुंग्यांच्या आठशेहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि ओळख पटवायच्या किल्ल्या, म्हणजे एकेक खूण तपासत जातीपर्यंत नेणारे तक्ते, बहुतेक करून कामकरी मुंग्यांवर बेतलेल्या आहेत. त्याला कारणही साधं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यातले रॉटन नावाचे वनाधिकारी मुंग्या गोळा करून स्वित्झर्लंडचे मुंग्यांचे अभ्यासक फोरेल यांच्याकडे पाठवत; आजही काही जातींच्या नावात 'रॉटनी' दिसतं ते त्यांच्यामुळे. जंगलात फिरताना हाती लागणार त्या कामकरी मुंग्या. राणी जमिनीखाली, आणि बाहेर दिसते ती वर्षातल्या एखाद-दोन संध्याकाळी. म्हणून एकट्या राणीवरून, त्यातही हललेल्या फोटोवरून, कोणी छातीठोकपणे जात सांगितली तर थोडं जपूनच घ्या.

आता पहिली गोष्ट: राणी आहे का.

सगळे आकार बघतात, आणि तिथेच फसतात. मोठी मुंगी म्हणजे राणी, हे खरं नाही. पंधरा वर्षांपूर्वी मी माझी पहिली 'राणी' स्वयंपाकघरातल्या गुळाच्या डब्याजवळ पकडली. चांगली दणकट, डोकं तर बदामासारखं. नळीत घातली, रोज काळजीने बघितली, घरच्यांना सांगितलं की हिचं राज्य उभं राहणार. पाच आठवड्यांनी ती मेली. एक अंडं नाही. ती डोंगळ्यांमधली मोठी कामकरी होती, इतकंच. डोंगळ्यांत एकाच वारुळात लहान, मध्यम आणि मोठ्या अशा कामकरी असतात आणि मोठीचं डोकं बघून भल्याभल्यांचा घोटाळा होतो.

डोकं सोडा, छाती बघा. मुंगीचं अंग तीन भागांत दिसतं: डोकं, मधली छाती जिला पाय जोडलेले असतात, आणि मागचं पोट. कामकरीला कधीच उडायचं नसतं, त्यामुळे तिची छाती अरुंद; वरून बघितली तर डोक्यापेक्षा बारीक, बाजूंनी चेपल्यासारखी. आपल्या काळ्या डोंगळ्याचं शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस आहे, १७८७ साली फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञांनी दिलेलं, आणि त्यातल्या कॉम्प्रेससचा अर्थच चेपलेला. राणीला मात्र एकदा तरी उडायचं असतं. पंख हलवायचे स्नायू मावायला छाती फुगीर लागते. वरून बघितलं की पाठीवर ढालीसारखा एक रुंद उंचवटा दिसतो आणि त्याच्या मागे त्याहून छोटी चकती. बाजूने बघितलं तर छाती कुबडासारखी वर आलेली. पोटही बहुधा मोठं असतं, पण पोटावर विसंबू नका. भरपेट कामकरीचं पोटही फुगतं.

मग पंखांच्या खुणा. तुमच्या मुंगीला पंख नाहीत म्हणजे ते होते आणि गळले, की नव्हतेच? छातीच्या दोन्ही बाजूंना, ढालीच्या कडेला, बारीक फाटक्या कडा किंवा गडद डाग शोधा. फुलं तोडल्यावर देठाचा तुकडा राहतो ना, तसं दिसतं. मी दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग वापरतो, अंगठ्याएवढं असतं, खिशात राहतं. मुंगी काचेच्या नळीत, नळीखाली आलेखाचा कागद, बाजूने मोबाइलचा दिवा. प्रकाश वरून पाडलात तर तुकतुकीत अंगावर फक्त चमक दिसते; बाजूने पाडलात की खाचा उठून येतात. त्याच वेळी कपाळाच्या वरच्या भागाकडे बघा. दोन मोठ्या डोळ्यांखेरीज तिथे त्रिकोणात तीन बारीक ठिपके दिसले, ओल्या मोहरीवर प्रकाश पडावा तसे चमकणारे, तर ते साधे डोळे. ते राणीला असतात, नराला असतात, आपल्याकडच्या घरा-अंगणातल्या कामकरींना सहसा नसतात. आलेखाच्या कागदामुळे लांबीही नेमकी मिळते. 'आठ-नऊ' आणि 'नऊ' यांत कधीकधी सगळा फरक असतो.

तुमच्या फोटोत, हललेला असला तरी, छातीचा उंचवटा स्पष्ट आहे. ही राणीच आहे.

डोंगळ्याची मात्र नाही. डोंगळ्याची राणी दीड सेंटिमीटरच्या पुढे जाते, काळीभोर असते. तुमची तिच्या निम्मी. मित्राला रागावू नका, आपल्याकडे मोठी दिसली की डोंगळा आणि लहान दिसली की मुंगी, एवढीच वर्गवारी बहुतेकांना माहीत असते.

पहिल्या पावसात दिव्याखाली जे पडतं ते सगळं मुंग्याच असतं असंही नाही, हे जाता जाता सांगतो. निम्म्याहून जास्त वेळा ती वाळवी असते. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि अंगापेक्षा बरेच लांब, मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ, आणि कंबर नाहीच, छातीपासून पोटापर्यंत एकच जाडी. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे, मिशा कोपरात वाकल्यासारख्या, आणि कंबर अशी की तुटेल वाटावं. नर मुंग्याही दिव्यावर येतात: डोकं इवलंसं, डोळे मोठे, अंग सडपातळ, पंख शेवटपर्यंत अंगावर. मुंगीला पंख फुटले की मरण जवळ आलं असं आपण म्हणतो. नरांच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे.

दुसरी गोष्ट, मीलन झालंय का. इथे मी तुम्हाला खात्री देऊ शकत नाही, आणि बाहेरून बघून दुसरं कोणीही देऊ शकणार नाही. पंख गळलेली, जमिनीवर एकटी, सांदीफटी हुंगत घाईघाईने फिरणारी राणी बहुधा मीलन झालेली असते. 'बहुधा' मुद्दाम म्हणतो. हाताळताना, डबीत आपटल्याने किंवा नुसत्या त्रासानेही पंख गळतात. उलट मीलन होऊनही आठवडाभर पंख मिरवणाऱ्या राण्या मी पाहिल्यात. अंडी हा पुरावा नव्हे. एका वर्षी माझ्याकडच्या एका राणीने व्यवस्थित अंडी घातली, अळ्या झाल्या, कोष झाले; मी वही काढून तारखा लिहितोय, आणि बाहेर आले ते पंखवाले नर. मुंग्यांत न फळलेल्या अंड्यातून नर होतो आणि फळलेल्यातून मादी. म्हणजे माझी राणी कुमारीच होती. पहिली कामकरी बाहेर येईल तेव्हाच खात्री, त्याआधी नाही.

तिसरी गोष्ट खाण्याची, आणि इथे कंबर कामाला येते.

छाती आणि पोट यांच्यामध्ये मुंगीला गाठ असते. काही मुंग्यांना एक, काहींना दोन. एवढं एक मोजलंत की अर्धी ओळख झाली. बाजूने फोटो काढा. वरून काढलेल्या फोटोत दुसरी गाठ लपते.

एकच गाठ, तीही पातळ, उभ्या पापडासारखी, पोट गुळगुळीत आणि मागे नांगी नाही: ही डोंगळ्यांच्या कुळातली. आपल्याकडच्या या कुळातल्या ज्या राण्या नवख्यांच्या हाती लागतात त्या स्वतःला कोंडून घेऊन पहिली पिढी वाढवतात, त्यांना खाणं लागत नाही.

एकच गाठ पण जाडजूड, चौकोनी ठोकळ्यासारखी, अंग लांबट, पोटाच्या पहिल्या आणि दुसऱ्या भागामध्ये आवळल्यासारखी खाच, आणि मागे नांगी: ही शिकारी मुंग्यांच्या कुळातली. यांच्या बऱ्याच राण्या पहिल्या पिढीच्या वेळीही बाहेर पडून शिकार करतात. अशी राणी कोंडून ठेवलीत तर उपाशी मरेल. दोन-तीन दिवसांआड वाळवीचा एखादा किडा किंवा झुरळाच्या पिल्लाचा तुकडा द्यावा लागतो. नवख्याने यांच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

दोन गाठी: तुमची या गटात बसते. बाजूने थोडं कललेल्या त्या फोटोत छातीमागे लागोपाठ दोन मणी दिसतात. घरात, अंगणात, शेतात दिसणाऱ्या लहान मुंग्यांपैकी खूपशा याच कुळातल्या. आणि यांतल्या ज्या दोघींपैकी एक तुमच्या बरणीत असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे, त्या दोघीही स्वतःला कोंडून घेणाऱ्या. म्हणून तुमची राणी साखर खात नाही. तिला गरजच नाही. उडायचं काम संपलं, आता पंखांचे स्नायू काय करायचे? ते ती आतल्या आत विरघळवते आणि त्यातून, शिवाय अंगातल्या चरबीतून, अळ्यांना भरवते. साखरेने फक्त बुरशी येईल.

आता त्या दोघी कोण. पहिली सोलेनॉप्सिस जेमिनाटा, म्हणजे चावली की आग पडते ती तांबूस मुंगी. मूळची अमेरिकेतल्या उष्ण भागातली, पण आपल्याकडे इतकी जुनी की लोकांना ती इथलीच वाटते. दुसरी फिडोल, ही एक जात नव्हे, जातींचा मोठा गोतावळा आहे, आणि यांच्यात बारीक कामकरी व मोठ्या डोक्याच्या सैनिक मुंग्या असे दोन सरळ वेगळे आकार असतात. दोघींच्या राण्या तपकिरी, तुमच्या मापाच्या आसपासच्या, आणि पावसानंतर दिव्यावर येणाऱ्या. फरक तीन ठिकाणी बघायचा.

सगळ्यात सोपा छातीच्या मागच्या टोकाला, पहिल्या गाठीच्या जरा वर. फिडोलला तिथे दोन छोटे काटे किंवा निदान टोकदार कोपरे असतात. सोलेनॉप्सिसला तिथे काही नसतं, नुसता गोल उतार. भिंगातून हे अगदी स्पष्ट दिसतं, मुंगीने अर्धा मिनिट स्थिर राहायची मेहेरबानी केली तर. (फ्रिजमध्ये ठेवून गार करायचा सल्ला कोणी देईल. अंडी घालायच्या बेतात असलेल्या राणीला मी तो धक्का देत नाही. नळीवर काळा कागद गुंडाळून दहा मिनिटं थांबा आणि हळूच सरकवा, ती बहुतेक वेळा तशीच बसलेली सापडते.)

दुसरा फरक डोक्याचा. फिडोलच्या राणीचं डोकं समोरून चौकोनी आणि बहुधा त्यावर बारीक उभ्या रेघा, त्यामुळे मंद दिसतं. सोलेनॉप्सिसचं डोकं गुळगुळीत, पॉलिश केल्यासारखं.

तिसरा मिशांचा, आणि हा खरा पक्का, पण डोळ्यांची परीक्षा बघणारा. सोलेनॉप्सिसच्या राणीच्या मिशीत १०-११ पेरं असतात आणि टोकाची दोन जाड होऊन गदेसारखी झालेली. फिडोलच्या मिशीत बहुधा १२, आणि गदा तीन पेरांची. एवढी पेरं मोजणं जमेलच असं नाही. पण टोकाला दोन जाड की तीन, हे चांगल्या फोटोत कळतं.

तुमच्या फोटोतलं तुकतुकीत डोकं बघून माझा कल सोलेनॉप्सिसकडे आहे. कल म्हणतोय, निकाल नाही. काटे दिसले तर माझं म्हणणं खोडून टाका.

आणि सोलेनॉप्सिस निघाली तर पाळायची का? स्पष्ट सांगतो, पहिलीच वसाहत म्हणून मी नाही म्हणेन. राणी कणखर असते, अंडी भराभर घालते, पहिले दोन महिने तुम्हाला वाटेल याहून सोपं काही नाही. मग संख्या शेकड्यांत जाते, बारीक कामकरी कापसाच्या बोळ्यातूनही वाट काढतात, आणि त्यांचा डंख चुरचुरतो. घरात लहान मूल असेल किंवा कोणाला गांधीलमाशी वगैरे चावल्यावर अंगावर पित्त उठत असेल तर विषयच संपला. नको असेल तर जिथे सापडली तिथेच, तुमच्या इमारतीच्या आवारातच, एक-दोन दिवसांत सोडा. दुसऱ्या गावाला, डोंगरावर, फार्महाउसवर नेऊन सोडू नका. ही मुंगी आधीच जिथे पोहोचायला नको होती तिथे पोहोचलेली आहे. फिडोल निघाली तर मात्र जरूर ठेवा. नवख्यासाठी याहून समजूतदार मुंगी मला माहीत नाही, आणि सैनिक मुंग्या बियांचं टरफल फोडताना बघण्यात एक संध्याकाळ सहज जाते.

पुढच्या पावसात वेगळं काही हाती लागलं तर म्हणून बाकीच्यांचं पटकन सांगून ठेवतो. दोन सेंटिमीटरच्या आसपास, तपकिरी, जाडजूड, हातात घेतली तर वजन जाणवेल अशी राणी मिळाली तर ती बहुधा कॅरेबारा. तिच्या लहान कामकरी तिच्यापुढे धुळीच्या कणासारख्या, आणि सुरुवातीला जगवायला अवघड. हिरवट, लांब पंखांची मोठी राणी आंब्याच्या बागेत दिसली तर ती पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्यांची, म्हणजे ओंबिलांची. मालवणाकडे त्यांना हुमले म्हणतात. या मुंग्यांचं सोंग घेणारा एक कोळीही असतो, पाय आठ असले तर तो तोच. पोटावर सोनेरी मखमल असलेली काळी राणी म्हणजे कॅम्पोनोटस सेरिसियस, डोंगळ्याची नात्यातली. मिळाली तर नशीबवान समजा. आणि एक सेंटिमीटरभर, राखाडी-काळी, अंगावर कंगव्याने ओढल्यासारख्या रेघा असलेली मुंगी बागेत एकटीच फिरताना दिसली, तर तिच्या वारुळात राणी शोधत बसू नका. ती डायकॅमा, आणि डायकॅमात वेगळी राणी नसतेच. कामकरींपैकीच एक मीलन करून अंडी घालते. दरवर्षी कोणीतरी मला तिचा फोटो पाठवून 'राणी सापडली' म्हणतं.

आता घर. औषधी सामानाच्या दुकानातून १५-१६ मिलिमीटर रुंदीची काचेची टेस्ट ट्यूब आणा, दहा-वीस रुपयांचं काम. एक तृतीयांश पाणी भरा, कापसाचा बोळा काडीने ढकलत पाण्यापर्यंत न्या. बोळा भिजला पाहिजे पण पुढच्या बाजूला थेंब साचता कामा नये. साचला तर कापूस कमी पडलाय. मग राणी, मग तोंडाशी दुसरा कोरडा बोळा. राणीला चिमट्याने किंवा बोटांनी उचलू नका. बरणीच्या तोंडाशी नळी टेकवा, नळीवर काळा कागद गुंडाळा आणि बरणीवर उजेड पाडा. ती आपल्या पायांनी अंधारात जाईल. माझा अनुभव पाच मिनिटांपासून दोन तासांपर्यंतचा आहे. घाई करणाऱ्यांच्या हातून मुंगीचे पाय तुटतात.

नळी आडवी, कपाटातल्या एखाद्या कप्प्यात, जिथे दार सारखं उघडत नाही. फ्रिजच्या डोक्यावर नको, वॉशिंग मशीनजवळ नको. हादऱ्याने राणी बिथरते आणि स्वतःचीच अंडी खाते. आठवड्यातून एकदाच बघायचं, तेही नळीवर लाल जिलेटीन गुंडाळून, कारण लाल प्रकाश मुंग्यांना फारसा जाणवत नाही. रोज बघावंसं वाटणार, मला आजही वाटतं.

किती दिवस लागतील हे उष्णतेवर आहे. तुमच्या राणीसारखी दोन गाठींची असेल तर पावसाळ्यातल्या घरातल्या हवेत साधारण तीन-चार आठवड्यांत पहिल्या कामकरी यायला हव्यात; मुंबईत थोडं लवकर, महाबळेश्वरला बरंच उशिरा. डोंगळ्याच्या राणीला पाच-सहा आठवडे धरा. मधल्या काळात आणखी एक खूण मिळते, जी फोटोपेक्षा भरवशाची आहे. अळीची कोषावस्था उघडी, पांढऱ्या मेणाच्या बाहुलीसारखी, दुमडलेले पाय दिसतील अशी असेल तर बहुधा दोन गाठींचं कुळ. डोंगळ्यांच्या अळ्या मात्र बदामी रंगाचं रेशमी वेष्टन विणतात. लोक त्यालाच मुंगीचं अंडं म्हणतात. पहिल्या कामकरी नेहमीच्यांपेक्षा बुटक्या आणि फिकट निघतात, त्याने घाबरू नका. त्या आल्या की मगच खाणं: काडीच्या टोकावर मधपाण्याचा ठिपका आणि मारलेल्या डासाचा किंवा माशीचा तुकडा. त्याच वेळी त्यांचे दोन स्वच्छ फोटो काढा, एक बाजूने आणि एक समोरून डोक्याचा. नावाचं तेव्हा बोलू.

सोबत एक वही ठेवा. पकडल्याची तारीख, वेळ, पाऊस आधी झाला की नंतर, दिव्यावर की जमिनीवर, आणि लांबी. माझ्या वहीतली जुनी पानं आता मला भिंगापेक्षा जास्त उपयोगी पडतात, कारण एकेका जातीची उडण्याची वेळ ठरलेली असते. कोणी वळवानंतरच्या संध्याकाळी, कोणी चांगली झड लागल्यावर.

राहिली बरणीतली माती. तीन दिवसांत अंडी नाहीत म्हणता, पण मातीत असती तर तुम्हाला दिसली असती का? राणी नळीत गेल्यावर माती पांढऱ्या कागदावर पातळ पसरा आणि भिंगातून बघा, खास करून जिथे ती जास्त वेळ बसायची तिथली ढेकळं. अंडी बारीक रव्याच्या कणाहून लहान, दुधी, आणि एकमेकांना चिकटून पुंजक्यात असतात. सापडली तर रंगाचा बारीक ब्रश पाण्यात बुडवून झटका, टोकाने पुंजका उचला आणि नळीच्या आत, ओल्या बोळ्यापासून बोटभर अलीकडे ठेवा. ती तिची ती उचलून घेईल.